बाबांच्या जुन्या लॅपटॉपची एसएसडी बदलते आहे: नवी बसली, पण दिसत नाही

रामबागेतली
११ जानेवारी २०२६, रात्री ९:५२

नमस्कार मंडळी,

बाबांचा लॅपटॉप २०१५ सालचा आहे. चौदा इंची, सडपातळ, पाचव्या पिढीचा आय-५, आठ जीबी रॅम. आत १२८ जीबीची एम.२ एसएसडी आहे, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी येणारी, चिपवर साठवणारी डिस्क, ती लांबट पट्टीसारखी. सी ड्राइव्ह गेले वर्षभर लाल दिसतोय, आता जेमतेम दोन जीबी उरलेत. फाइल उघडायला मिनिट-मिनिट लागतं.

म्हणून बाजारातल्या एका दुकानातून ५०० जीबीची एसएसडी आणली. मी लॅपटॉपचं नाव सांगितलं, तर दुकानदार म्हणाले, "ले जाओ दीदी, सब में लगती है." आज दुपारी पाठ उघडली, जुनी काढून नवी बसवली. खाच जुळली, स्क्रूही बसला. पण चालू केल्यावर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी जागं होऊन आतले भाग ओळखणारं सॉफ्टवेअर) तिचं नावच नाही. दोनदा काढून घातली, तरी तेच. जुनी परत लावली, तर सगळं पूर्ववत चालू.

स्लॉट खराब झालाय का? का एसएसडीच मेलेली आहे?

आणि खरी काळजी वेगळीच आहे. बाबा शाळेत मराठी शिकवायचे. निवृत्तीनंतर त्यांनी इंदूर, देवास, धार इथल्या म्हाताऱ्या बायकांकडे बसून जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या. त्यातल्या बऱ्याच जणी आता हयात नाहीत. ते सगळं ह्याच लॅपटॉपमध्ये, श्रीलिपी ह्या मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेलं आहे. मी पाठ उघडून बसले होते तेव्हा बाबा शेजारी खुर्ची ओढून बसले आणि तासभर काही बोलले नाहीत. मग एवढंच विचारलं, "लिखाण आहे ना गं?" तेव्हापासून मी पेचकसाला हात लावलेला नाही. जरा नीट मार्ग सांगा.

दांडियाबाजार
११ जानेवारी २०२६, रात्री १०:३१

ताई, आधी जीव भांड्यात पडू द्या. स्लॉटही बरा आहे आणि एसएसडीही बहुधा बरी आहे. मी बडोद्यात लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो, आणि हाच प्रकार महिन्यातून दोन-चारदा तरी पुढ्यात येतो.

एम.२ हे फक्त आकाराचं आणि जोडणीचं नाव आहे. त्या पट्टीच्या आत दोन वेगळ्या भाषा बोलणाऱ्या एसएसडी येतात. एक साटा, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कचीच भाषा. दुसरी एनव्हीएमई, जी पीसीआय एक्सप्रेसवरून बोलते. दोघींची रुंदी २२ मिलिमीटर, लांबी बहुतेक वेळा ८० मिलिमीटर, म्हणून दोघींवर २२८० लिहिलेलं असतं. टेबलावर शेजारी ठेवल्या तर नवख्या माणसाला फरक कळत नाही.

ओळखायचं खाचांवरून. साटावालीला सहसा दोन खाचा असतात, एनव्हीएमईला एकच. पण इथेच लोक फसतात. खाच जुळली म्हणजे एसएसडी चालेलच असं नाही. तुमच्या लॅपटॉपच्या काळात कंपन्यांनी असे स्लॉट बसवले की ज्यांत एनव्हीएमई आरामात शिरते, पण मदरबोर्डावर त्या स्लॉटपर्यंत फक्त साटाच्या तारा ओढलेल्या असतात. शिवाय एनव्हीएमईवरून विंडोज चालू करायचं तर बायोसलाही ती ओळखता यायला हवी, आणि २०१५ च्या आधीच्या बऱ्याच बायोसना ते जमत नाही.

आता एक करा. जुनी लावलेलीच आहे, तर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर उघडा. त्यात ट्रान्सफर मोडपुढे साटा/६०० दिसलं की प्रश्न मिटला, तुम्हाला साटावाली एम.२ लागेल. त्याच खिडकीत डाव्या बाजूला एसएसडीची तब्येतही टक्क्यांत दिसते. ती इथे लिहा.

लष्करवाला
११ जानेवारी २०२६, रात्री ११:०८

काही उघडण्याआधी, काही विकत घेण्याआधी, बाबांच्या फायलींची प्रत काढा. आजच. झोपण्याआधी.

हे मी एवढं जोर देऊन का लिहितो ते सांगतो. ग्वाल्हेरला माझ्या गुरुजींकडे मी अकरा वर्षं गाणं शिकलो. शेवटच्या तीन वर्षांची तालीम त्यांच्या परवानगीने ध्वनिमुद्रित केली होती. खोलीत आम्ही दोघंच, मागे तानपुरा, मध्येच त्यांचं थांबून समजावणं. सगळं एका एसएसडीवर होतं. आधीची हार्ड डिस्क जाण्यापूर्वी कुरकुरायची, अडखळायची, निदान काही महिने सूचना तरी द्यायची. एसएसडीने तसं काही केलं नाही. रात्री लॅपटॉप बंद केला तेव्हा चालत होती, सकाळी बायोसला दिसेनाशी झाली. दोन शहरांतल्या दोन दुरुस्तीवाल्यांना दाखवली. चिप्स शाबूत असल्या तरी कंट्रोलर, म्हणजे एसएसडीचा कारभार बघणारी चिप, गेला की आत कुठलं पान कुठे ठेवलंय हे सांगणारा कुणी उरत नाही, असं मला समजावण्यात आलं.

गुरुजी आता नाहीत. त्या तीन वर्षांतलं माझ्याकडे एक पंचवीस मिनिटांचं मुद्रण उरलंय, कारण ते एका गुरुबंधूला पाठवलं होतं.

रामबागेतली
१२ जानेवारी २०२६, सकाळी ७:१५

लष्करवाला, तुमचा प्रतिसाद वाचून रात्री साडेअकराला उठून बसले. बाबांचं लिखाण, फोटो, आईच्या वहीची स्कॅन केलेली पानं, सगळं मिळून ३१ जीबी भरलं. ते माझ्याकडच्या जुन्या एक टीबीच्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतलंय. तुमच्या गुरुजींच्या मुद्रणांबद्दल काय लिहावं कळत नाही.

दांडियाबाजार दादा, साटा/६०० असंच दिसतंय. तब्येत ७१ टक्के. दुकानात विचारलं, पाकीट फोडलं म्हणून परत घेणार नाहीत. मग आता ती ५०० वाली वाया गेली का?

दांडियाबाजार
१२ जानेवारी २०२६, सकाळी ८:०२

वाया मुळीच नाही. एक यूएसबी एन्क्लोजर, म्हणजे एसएसडी आत घालून बाहेरून जोडायची डबी, घ्या, पण घेताना "साटा आणि एनव्हीएमई दोन्ही चालणारं" असं स्पष्ट सांगून घ्या. रिअलटेकच्या आरटीएल९२१०बी ह्या चिपवर बनलेली एन्क्लोजर दोन्ही ओळखतात. एवढ्या एका वस्तूत तुमची सगळी कामं होतील. आधी ही एनव्हीएमई त्यात घालून बाबांच्या फायलींची दुसरी प्रत काढा. मग नवी साटावाली त्यात घालून जुनीवरून क्लोन, म्हणजे विंडोजसकट सगळ्याची हुबेहूब नक्कल, करा. शेवटी एनव्हीएमई पुन्हा त्यात घालून रोजच्या बॅकअपला वापरा. तुमच्या लॅपटॉपच्या यूएसबी ३.० वर सेकंदाला ४०० एमबीच्या आसपास वेग मिळेल, तो भरपूर आहे.

साटावाली एम.२ आता दुकानांत कमी दिसते, कारण नव्या लॅपटॉपना ती लागत नाही. सॅमसंगची ८७० इव्हो तर अडीच इंची डब्यातच येते, पट्टीच्या रूपात नाही. पण डब्ल्यूडी ब्ल्यू एसए५१० आणि ट्रान्सेंड ८३०एस ह्या एम.२ मध्ये मिळतात. इंदुरात आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलमध्ये संगणकाची बरीच दुकानं आहेत. एका दुकानात नाही मिळाली म्हणून दुसऱ्याने "ये भी चलेगी" म्हणून दिलेली घेऊ नका. पाकिटावर साटा हा शब्द स्वतः वाचा.

खजराना_चौक
१२ जानेवारी २०२६, दुपारी १:२०

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. अकरा वर्षं जुनं यंत्र. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, हा पाचव्या पिढीचा. म्हणजे नवी एसएसडी टाकूनही पुढचा रस्ता बंदच आहे. एसएसडी, एन्क्लोजर, उद्या बॅटरी. तेवढ्यात चांगला सेकंडहँड लॅपटॉप येईल. काळजी वाटते म्हणून लिहिलं.

रामबागेतली
१२ जानेवारी २०२६, दुपारी २:४४

तुमचं म्हणणं बरोबर आहे, आणि मी स्वतः हेच बाबांना सांगून पाहिलं होतं. पण बाबा ७९ वर्षांचे आहेत. त्यांची बोटं ह्या कीबोर्डावर बसलेली आहेत. श्रीलिपीचा त्यांचा संच जुना आहे, त्याला यूएसबीचं कुलूप आहे (ते लावल्याशिवाय संच चालत नाही), आणि तो नव्या विंडोजवर चालेल की नाही हे सांगणारं मला कुणी भेटलं नाही. त्यांना इंटरनेटही फारसं लागत नाही. अजून तीनेक वर्षं त्यांनी ह्याच पडद्यापुढे बसून ओव्यांचं काम पुरं करावं, एवढीच माझी इच्छा आहे.

पेचकस
१२ जानेवारी २०२६, सायंकाळी ६:३५

ताई, मीही इंदूरचा, सुदामा नगरात असतो. खजराना_चौक यांची शंका रास्त आहे, पण घरच्या लोकांसाठी विंडोज १० ची वाढीव सुरक्षा-अपडेट्स १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळताहेत, त्यासाठी नोंदणी तेवढी करावी लागते. त्यानंतर वाय-फाय बंद ठेवून लिहिण्यापुरता वापरला, तर मला काही गैर दिसत नाही. फायली पेन ड्राइव्हने बाहेर काढायच्या, मेल दुसऱ्या यंत्रावर बघायची. आणि एसएसडी बदलली म्हणून विंडोजचा परवाना जात नाही, तो मदरबोर्डाशी बांधलेला असतो.

आता उघडण्याबद्दल. तुम्ही एकदा उघडलाय, तरी लिहितो, कारण दहा-अकरा वर्षांच्या लॅपटॉपमध्ये सर्वांत धोक्याची वस्तू एसएसडी नव्हे, बॅटरी असते. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवा. हलतोय का? टचपॅड मधून वर आलाय का? पाठीची फट एका बाजूला रुंद झालीय का? तसं असेल तर बॅटरी फुगलेली आहे. तिला टोकदार काही लागता कामा नये, आणि मग हे काम घरी करूच नका.

बॅटरी बरी असेल तर शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा. नुसतं शटडाउन केलं तर विंडोज पूर्ण बंद होत नाही, पुढच्या वेळी लवकर उठता यावं म्हणून थोडं जागं राहतं. मग चार्जर काढा. पाठ उघडली की सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. तारा ओढून नाही, प्लास्टिकच्या पट्टीने कनेक्टर दोन्ही कडांनी हळूहळू ढकलत. धातूचं काही वापरू नका. त्यानंतर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल.

सध्या इंदुरात थंडी आहे, हवा कोरडी, आणि आपण सगळे लोकरीच्या स्वेटरमध्ये. ह्या दिवसांत स्टॅटिकचा झटका दाराच्या कडीलाही बसतो. स्वेटर काढून सुती कपड्यांत बसा, गालिच्यावर नाही तर फरशीवर, आणि एसएसडीला हात लावण्याआधी नळाला किंवा लोखंडी खिडकीला हात लावा.

पाठीचे स्क्रू सारख्या लांबीचे नसतात. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर वरच्या बाजूला हाताच्या टेकणीतून टोक बाहेर येतं, हे मी एका मित्राच्या लॅपटॉपवर पाहिलंय. कागदावर लॅपटॉपची आकृती काढा, आणि जिथला स्क्रू तिथे चिकटपट्टीने चिकटवा. एक-दोन स्क्रू रबरी पायांखाली लपलेले असतात. पाठ निघत नसेल तर जोर लावण्याआधी ते शोधा.

एसएसडी स्लॉटमध्ये तिरपी, साधारण तीस अंशांत सरकवायची. सोनेरी दात जवळजवळ दिसेनासे झाले की मग खाली दाबून स्क्रू लावायचा. आडवी ढकलली की दात वाकतात. स्क्रू बसेपर्यंतच, आवळून नाही. तो इतका बारीक असतो की आवळला तर पुढच्या वेळी डोकं सपाट होऊन निघतच नाही.

वाचनमात्र
१२ जानेवारी २०२६, रात्री ८:१०

मला एक समजलं नाही. ड्राइव्ह भरला की एसएसडी हळू का होते? हार्ड डिस्क फिरते, तिचं समजू शकतं.

दांडियाबाजार
१२ जानेवारी २०२६, रात्री ९:२६

चांगला प्रश्न. फ्लॅश चिपमध्ये लिहायचं ते पानापानाने, पण पुसायचं मात्र अख्खा ब्लॉक एकदम. एका ब्लॉकमध्ये शेकडो पानं. पाटीवर दोन ओळी बदलायच्या आहेत आणि पाटी पुसायची तर पूर्णच, अशी कल्पना करा. मोकळ्या पाट्या हाताशी असल्या की कंट्रोलर नवीन पाटीवर लिहितो आणि जुनी सवडीने पुसतो. मोकळी पाटीच उरली नाही, तर प्रत्येक वेळी आधी कामाच्या ओळी दुसरीकडे उतरवायच्या, मग पाटी पुसायची, मग लिहायचं. दहा-पंधरा टक्के जागा नेहमी रिकामी ठेवावी ती ह्यासाठी. कुठली पानं आता नकोशी झाली हे विंडोज एसएसडीला ट्रिम ह्या आज्ञेने कळवतं, आणि ही सोय विंडोज ७ पासून आहे.

ट्रिमची दुसरी बाजूही सांगून ठेवतो. हार्ड डिस्कवरची चुकून डिलीट केलेली फाइल बऱ्याचदा परत मिळते. एसएसडीवर ट्रिम झाल्यावर ती आशा जवळजवळ संपते.

एसएसडी लवकर झिजते ही भीती मात्र घरगुती वापरात बाळगू नका. ५०० जीबीच्या एसए५१० वर कंपनी २०० टीबीडब्ल्यू लिहिते, म्हणजे २०० टेराबाइट लिहून होईपर्यंतची हमी. रोज २० जीबी लिहिलं, आणि बाबा तेवढं कधीच लिहिणार नाहीत, तरी दहा हजार दिवस लागतील. सत्तावीस वर्षं झाली.

जुनी_पाटी
१३ जानेवारी २०२६, सकाळी ६:४०

धागा रात्री वाचला, आणि श्रीलिपी शब्द दिसला म्हणून सकाळी उठल्यावर आधी इथेच आलो. मी वीसेक वर्षं मराठी दिवाळी अंक आणि पत्रिकांची जुळणी केली आहे. एसएसडी ह्या विषयात मला गती नाही. पण ताईंनी काढलेल्या प्रतीबद्दल एक अत्यंत महत्त्वाची गोष्ट कुणी बोललेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

ताई, तुम्ही फायली घेतल्यात. फॉन्ट घेतलेत का?

आज आपण इथे जे लिहितोय ते युनिकोड आहे. ह्यात 'क' ला स्वतःचा क्रमांक आहे, तो जगातल्या कुठल्याही यंत्रावर 'क' च राहतो. श्रीलिपी, आकृती, शिवाजी ह्या जुन्या फॉन्टांची रचना तशी नाही. त्या काळी एका फॉन्टात जेमतेम दोनशेच्या आसपास जागा वापरायला मिळायच्या. रोमन अक्षरांच्या त्याच जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असायचे. कुठे अर्धा 'श', कुठे नुसता काना, कुठे रफार. फाइलमध्ये साठवलेली असतात ती रोमन अक्षरंच. त्यांच्यावर मराठीचा चेहरा चढवतो तो फॉन्ट. तो फॉन्ट यंत्रावर नसला, की ओवीच्या जागी टिंबं-टोप्या घातलेल्या रोमन अक्षरांची रांग दिसते. आणि प्रत्येक कंपनीने तुकडे आपापल्या क्रमाने बसवले, त्यामुळे श्रीलिपीची फाइल शिवाजी फॉन्टात उघडली तर मराठी अक्षरं दिसतात, पण शब्द होत नाहीत.

म्हणून नुसत्या फायली वाचवून लिखाण वाचत नाही. तीन गोष्टी करा. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरातले सगळे मराठी फॉन्ट त्याच हार्ड डिस्कवर वेगळ्या फोल्डरात घ्या. नावं श्री-देव-०७१४ अशा धर्तीची असतील. मग प्रत्येक महत्त्वाची फाइल त्याच लॅपटॉपवर उघडून तिची पीडीएफ करा. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच साठवला जातो, त्यामुळे ती पन्नास वर्षांनीही तशीच दिसेल. आणि सवडीने मजकूर युनिकोडमध्ये आणा. त्यासाठी परिवर्तक मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार यांत ते चुकतात. ओव्यांमध्ये तर बोलीतले शब्द, ते परिवर्तकानंतर डोळ्यांखालून घातलेच पाहिजेत. हे काम बाबांनीच करावं. दुसऱ्या कुणाला 'सये' आणि 'सई' मधलं कुठलं त्या बाईने म्हटलं होतं, हे कळणार नाही.

नवीन विंडोज टाकू नका, क्लोनच करा, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. कुलूपवाल्या संचाचा ड्रायव्हर, फॉन्ट, कीबोर्डची मांडणी, सगळं जसंच्या तसं येईल.

खजराना_चौक
१३ जानेवारी २०२६, सकाळी ९:१२

हे वाचल्यावर माझा नवा लॅपटॉप घेण्याचा सल्ला मी मागे घेतो. फॉन्टचा हा भाग मला माहीतच नव्हता. माझ्या काकांच्या कवितांची सीडी घरी आहे, ती आजच काढतो.

लष्करवाला
१३ जानेवारी २०२६, सकाळी ९:४०

जुनी_पाटी, हात जोडून नमस्कार.

ताई, क्लोनच्या आधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू आहे का ते बघा. असेल तर थांबवून ठेवा, आणि त्याचा ४८ आकडी रिकव्हरी क्रमांक कागदावर उतरवून घ्या. एसएसडी बदलल्यावर विंडोजने तो मागितला आणि हाताशी नसला, तर दार बंद.

रामबागेतली
१६ जानेवारी २०२६, रात्री १०:२०

उशिराबद्दल क्षमा, मध्ये संक्रांत होती. सगळ्यांना तिळगूळ.

काय काय झालं ते सांगते. फॉन्ट घेतले, एकूण ६३ निघाले. बिटलॉकर नव्हतंच. साटावाली ५०० जीबी तिसऱ्या दुकानात मिळाली. पाकिटावर साटा वाचलं, वर दोन खाचाही बघून घेतल्या. बॅटरी सपाट आहे. पीडीएफ करायला बाबा आणि मी दोन दिवस बसलो. २१२ फायली झाल्या. बाबा प्रत्येक फाइल उघडल्यावर कुठली ओवी कुणी सांगितली ते सांगत होते, त्यामुळे वेळ लागला, पण मला ती घाई करायचीच नव्हती.

काल क्लोनझिलाने क्लोन केला, आज एसएसडी बसवली. पेचकस दादा, तीस अंश लिहिलंत ते फार उपयोगी पडलं, पहिल्या वेळी मी जवळजवळ आडवीच ढकलली होती. विंडोज पहिल्या झटक्यात उठलं! श्रीलिपी उघडली, कुलूप ओळखलं.

पण सी ड्राइव्ह अजूनही ११९ जीबीच दिसतोय, आणि लालच आहे. बाकीची जागा कुठे गेली? मी परत चुकीची वस्तू आणली का?

दांडियाबाजार
१६ जानेवारी २०२६, रात्री १०:४८

वस्तू बरोबर आहे. क्लोन म्हणजे हुबेहूब नक्कल, त्यामुळे डिस्कच्या विभागणीच्या (पार्टिशनच्या) जुन्या भिंती जशाच्या तशा आल्या. डिस्क मॅनेजमेंट उघडा, उजवीकडे काळ्या पट्टीखाली रिकामी जागा दिसेल. ५०० जीबी विंडोज ४६५ म्हणून दाखवतं, कारण कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने. त्यामुळे रिकामी साधारण ३४६ असावी.

सी ड्राइव्ह मोठा करायला गेलात तर एक्स्टेंडचा पर्याय फिका असेल, कारण सी आणि रिकाम्या जागेच्या मध्ये विंडोजचं छोटं रिकव्हरी पार्टिशन बसलेलं असतं. ते हलवता येतं, जीपार्टेड ह्या सॉफ्टवेअरने मी रोज हलवतो. पण तुमच्या बाबतीत मी हलवणार नाही. त्या रिकाम्या जागेचा सरळ डी ड्राइव्ह करा, दोन मिनिटांचं काम आहे. बाबांचं सगळं लिखाण, फोटो, स्कॅन डीवर न्या. सी आपोआप मोकळा होईल. पुढे कधी विंडोज बिघडून फॉरमॅट मारायची वेळ आली, तरी डीला धक्का लागणार नाही.

जुनी १२८ वाली आत्ता पुसू नका, महिनाभर तशीच ठेवा. पण ती एन्क्लोजरमध्ये घालून लॅपटॉपला लावायची झाली, तर आधी विंडोज चालू करा आणि मगच जोडा. दोघींची ओळख सारखीच असल्याने विंडोज गोंधळतं.

पेचकस
१६ जानेवारी २०२६, रात्री ११:१५

एक जोड देतो. जुनी एसएसडी कपाटात टाकून तिला कायमची प्रत समजू नका. फ्लॅश चिपमध्ये मजकूर विजेच्या भाराच्या रूपात असतो, आणि वीज न देता ठेवली तर तो भार हळूहळू ओसरतो. उष्णतेत लवकर ओसरतो. जेडेक ह्या संस्थेचं घरगुती एसएसडीसाठीचं मानक सांगतं, की पूर्ण झिजलेल्या एसएसडीने तीस अंश तापमानात वीज नसताना निदान एक वर्ष मजकूर टिकवावा. तुमची अजून तितकी झिजलेली नाही, त्यामुळे बराच जास्त टिकेल. पण आपल्याकडे मे महिन्यात बंद खोलीतलं कपाट तीस अंशांवर थांबत नाही. कपाटात ठेवायची प्रत हार्ड डिस्कवरच असू द्या, आणि एनव्हीएमईवरची प्रत दोन-तीन महिन्यांनी एकदा लावून ताजी करत जा.

रामबागेतली
१८ जानेवारी २०२६, सायंकाळी ५:०५

डी ड्राइव्ह झाला. सी आता ३३ जीबी मोकळा आहे. आधी श्रीलिपी उघडायला बाबा चहाचा घोट घेऊन वाट बघायचे, आता चार-पाच सेकंदांत उघडते.

जुनी_पाटी काका, तुमच्यासाठी एक प्रश्न उरलाय. नऊ फायली आहेत, २००४ सालच्या. त्या बाबांच्या आधीच्या मोठ्या संगणकावरून आलेल्या, आणि बाबा म्हणतात की ह्या लॅपटॉपवर त्या कधीच नीट उघडल्या नाहीत. मराठी अक्षरं दिसतात, शब्द लागत नाहीत, अगदी तुम्ही लिहिलंत तसं. बाबांनी त्या गेल्या असं धरूनच ठेवलं होतं. त्यात माझ्या आजीने सांगितलेल्या ओव्या आहेत.

जुनी_पाटी
१८ जानेवारी २०२६, सायंकाळी ५:५०

फाइल वर्डमध्ये उघडा, मजकुरावर क्लिक करा, आणि वर फॉन्टच्या चौकटीत कुठलं नाव दिसतं ते सांगा. फॉन्ट यंत्रावर नसला तरी फाइलमध्ये त्याचं नाव बहुतेक वेळा तसंच असतं.

रामबागेतली
१८ जानेवारी २०२६, सायंकाळी ६:१२

शिवाजी०१.

जुनी_पाटी
१८ जानेवारी २०२६, सायंकाळी ६:२०

तो माझ्याकडे आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे, त्यात कसा बसवायचा तेही लिहिलंय. बसवल्यावर वर्ड एकदा बंद करून उघडा.

रामबागेतली
१८ जानेवारी २०२६, रात्री ८:३३

नऊच्या नऊ उघडल्या. बाबांनी पहिलं पान मोठ्याने वाचलं, आणि आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली. पुढची ओळ तिने पुरी केली, फायलीत होती तशीच.

पीडीएफ आत्ताच केल्या. ६३ अधिक एक फॉन्ट, २२१ पीडीएफ आणि मूळ फायली अशी हार्ड डिस्क उद्या सकाळी मावशीबरोबर पुण्याला माझ्या भावाकडे जाते आहे. एनव्हीएमई इथे माझ्याजवळ राहील. बाबांनी आजीच्या फायलींपासूनच युनिकोडचं काम सुरू केलंय, त्यामुळे रफारांबद्दल तुम्हाला पुन्हा त्रास देईन, काका.

जुनी_पाटी
१८ जानेवारी २०२६, रात्री ८:४१

जरूर. त्यांना सांगा, 'र्‍य' आणि 'र्य' वेगळे ठेवा, परिवर्तक दोन्ही एकच करून टाकतो.